मन्मथअप्पांचा कान

मन्मथअप्पांना गाडी दाखवायची म्हणजे ती आदल्या संध्याकाळी त्यांच्या अंगणात सोडून जावी लागे. किल्ली त्यांच्या हातात द्यायची आणि सकाळी ते बोलावतील तेव्हा यायचं. माणूस घाईत असो, लांबून आलेला असो, पुढारी असो, यात सूट नव्हती. "गरम गाडी सगळ्यायलाच गोड बोलती," ते म्हणायचे. "रातभर गारठू द्या तिला. सकाळी उठल्या उठल्या काय म्हणती ते मला ऐकायचंय."

अंबाजोगाईत परळीच्या रस्त्याला त्यांचं गॅरेज होतं आणि त्याला लागून माझं स्पेअर पार्टचं दुकान. मधली भिंत एकच. त्यामुळे गिऱ्हाइकांना त्यांनी घातलेल्या शिव्या मला फुकटात ऐकायला मिळायच्या, आणि माझ्या वाट्याच्या वेगळ्या असायच्या. माझ्या दुकानातला रेडिओ हा त्यांचा जन्माचा वैरी होता. "दिगूशेठ, त्याचं नरडं आवळा," असा आवाज भिंतीपलीकडून आला की मी मुकाट्यानं बटण फिरवायचो. अप्पांचं ऐकणं सुरू झालेलं असायचं.

ते धर्मापुरीच्या लिंगायत वाण्याच्या घरातले. भाऊ तिथं किराणा दुकान चालवायचे. घरात बसून तेल विकायचं सोडून ह्यानं तेलात हात घातले, असं ते अप्पांबद्दल चारचौघांत म्हणत. अप्पा उंच, हाडकुळे, कपाळाला भस्म. गळ्यातली लिंगाची चांदीची डबी काम सुरू करण्याआधी बनियनच्या आत सरकवायचे, इंजिनाचा तेलकट हात तिला लागू नये म्हणून. बायको लवकर गेलेली, मूलबाळ नाही. गॅरेजच्या मागच्या खोलीत एकटे राहायचे. स्वयंपाक वाईट करायचे आणि तो मला आग्रहानं खाऊ घालायचे.

त्यांचं ऐकणं बघायला लोक थांबत. हातभर लांब लोखंडी सळई. तिचं एक टोक चालू इंजिनावर, दुसरं कानामागच्या हाडावर. डोळे मिटलेले, तोंड किंचित उघडं. सळई इंजिनावर एकेका ठिकाणी टेकवत ते पुढे सरकायचे आणि तेवढा वेळ आसपास कुणी खोकलेलं चालत नसे. एकदा रस्त्यावरून वरात निघाली होती. बँडवाले जिवाच्या आकांतानं वाजवत होते. अप्पा सळई हातात घेऊन थेट वरातीच्या समोर जाऊन उभे राहिले.

"दोन मिंटं थांबवा. इथं पेशंट तपासायलोय."

बँडवाले खरोखर थांबले. त्यांना वाटलं दवाखानाच आहे. घोड्यावरचा नवरदेव वेड्यासारखा इकडेतिकडे बघत राहिला. अप्पांनी आत येऊन शांतपणे ऐकून घेतलं, पुन्हा बाहेर जाऊन हातानं खूण केली, "हं, वाजवा." नवरदेवाचा मामा भांडायला आला, तर त्याला म्हणाले, "तुमची जीप बी सोडून जावा रातच्याला. लांबूनच ऐकू आली, ती बी बरी न्हाई."

थंडीत जुन्या गाड्या टिकटिक करतातच. तेल थिजलेलं असतं, ते वर चढेपर्यंत लोखंड लोखंडावर आपटतं. ज्याला कळत नाही तो घाबरतो. अप्पा आधी तेलाची दांडी काढून तेल बघायचे, मग इंजिन चालू करून नुसते उभे राहायचे. गाडी तापली आणि आवाज विरला तर तो वरचा, टॅपेटचा, म्हणजे झडपा उघडणाऱ्या भागांचा. त्यानं जीव जात नाही. तापल्यावर वाढला, जड झाला, तर तो खालचा, बेअरिंगचा. तिथंच बंद करायची, एक पाऊल हलवायची नाही. आणि एक तिसरा आवाज होता. इंजिनातून धूर जिथून सायलेन्सरच्या नळीत जातो, तिथल्या जोडाचं गॅस्केट फुटलं की धूर फटीतून फटफट बाहेर येतो. तोही टिकटिकीसारखाच ऐकू येतो, आणि लोखंड तापून फुगलं की फट बुजून तोही थांबतो. टॅपेट आणि हा, दोघांत फरक करायचा तर गाडी थंड लागते, बॉनेट उघडावं लागतं आणि जवळ जावं लागतं. हे मला अप्पांनीच शिकवलं. माझ्यासारख्या दुकानदाराला समजेल इतक्या सोप्या शब्दांत शिकवलं.

त्यांचा एक नियम परळीपासून केजपर्यंत प्रत्येक ड्रायव्हरला पाठ होता. टिकटिक थांबल्याशिवाय गाडी हलवायची नाही. पौषातल्या सकाळी आमच्या दुकानांसमोरच्या जीपच्या अड्ड्यावर बघावं तर सगळ्या गाड्या चालू, आत काचा लावून पाशिंजर बसलेले, आणि ड्रायव्हर बाहेर चहा पीत इंजिनं गप होण्याची वाट बघतायत. अप्पांनी सांगितलंय म्हटल्यावर कुणी घाई करत नसे.

काम संपल्यावर ते निकाल द्यायचे. चूक तेलाची, चूक रस्त्याची, चूक मालकाची. हा निकाल मोठ्या आवाजात, मालकाच्या तोंडावर, जो कोण उभा असेल त्याच्यासमोर. एकदा आमच्या भागातल्या एका पुढाऱ्याची जीप आली होती. सोबत दहाबारा कार्यकर्ते, त्यांत पुढाऱ्याचा भाचा. गाडी तोच सांभाळायचा. अप्पा हात पुसत बाहेर आले.

"चूक तुमच्या भाच्याची. त्यानं तेल बदललंच न्हाई. रिकामा डबा दाखवला तुमाला."

भाचा काळानिळा पडला. पुढारी हसला, अप्पांच्या पाठीवर थाप मारली आणि निघून गेला. त्यानंतर त्याची किंवा त्याच्या माणसांची एकही गाडी आमच्या रस्त्याला वळली नाही. माझाही धंदा बुडाला. मी चिडून म्हटलं, "अप्पा, त्याला बाजूला घेऊन सांगता आलं असतं की."

"कावून? गाडी काय बाजूला जाऊन बंद पडली असती का?"

स्वतःलाही ते सूट देत नसत, एवढं खरं. उमापूरच्या एका बागायतदाराची गाडी दुरुस्त होऊन गेली आणि दुसऱ्या दिवशी अप्पांना फडक्यात एक चकती सापडली. ती इंजिनाच्या तळाच्या बोल्टखाली बसायला हवी होती. हा माणूस सकाळच्या एसटीनं निघाला. बीडला बदल, गेवराईला बदल, धूळ खात उमापूरला पोचला. बागायतदाराला काही पत्ताच नव्हता, गाडी छान चालत होती. अप्पा गाडीखाली शिरले, चकती बसवली, बाहेर आले आणि म्हणाले, "चूक माझी." बागायतदारानं जेवू घातलं आणि नंतर साऱ्या गेवराई तालुक्यात सांगत फिरला की हा मिस्त्री पार्ट विसरतो. तिकडच्या गाड्या यायच्या बंद झाल्या. मी पोट धरून हसलो. अप्पा माझ्याकडे बघत राहिले. त्यांना हसण्यासारखं काय ते खरंच कळलं नाही.

मग दिवस पालटले. छोट्या नव्या गाड्या आल्या, इंजिन चालू आहे की बंद हे हात लावून बघावं लागे अशा. ज्यांच्या घरी कधी सायकलीपलीकडे काही नव्हतं ते कर्ज काढून जीपा घ्यायला लागले. एसटीडीचे बूथ झाले, घरोघर केबल आली आणि रिंग रोडला काचेच्या खोलीचं नवं वर्कशॉप निघालं. तिथं गाडीला वायर लावली की यंत्र कागद काढून द्यायचं. कामाला गणवेशातले मिस्त्री. अप्पा एकदा बघायला गेले. परत आले ते दुपारभर सळईच पुसत बसले.

लोक आता गाडी मुक्कामाला सोडेनात. त्यांना लगेच हवं होतं. अप्पांनीही मग नियम सैल सोडला. त्याहून वाईट म्हणजे ते तमाशा करायला लागले. समोरच्या चहाच्या टपरीवर बसायचे आणि रस्त्यावरून जाणाऱ्या गाड्यांचे दोष बसल्या जागी सांगायचे. बॉनेट न उघडता. "ही आली बगा, हिचा पंख्याचा पट्टा. हा मागचा, ह्याचा तिसरा प्लग." लोक टाळ्या द्यायचे, चहा पाजायचे. बहुतेक वेळा ते बरोबर निघायचं, म्हणून तर चटक लागली. ज्या माणसानं पुढाऱ्याला भीक घातली नाही, तो टपरीवरच्या रिकामटेकड्यांच्या वाहवेसाठी ह्या वयात माकडचेष्टा करतोय, हे मला बघवत नव्हतं. तसं मी त्यांना म्हटलंही. ते म्हणाले, "यंत्राला जमतंय का हे? मग?"

नामदेव हा त्यांच्या जिवाभावाचा ड्रायव्हर. धर्मापुरीच्या अलीकडच्या एका खेड्यातला. त्याच्याकडे जुनी पांढरी अँबेसिडर होती, पेट्रोलवर चालणारी, कुठल्याशा सरकारी लिलावातली. सकाळी गावातले पाशिंजर घेऊन अंबाजोगाईला यायचा, संध्याकाळी परत न्यायचा. त्या गाडीचा एकेक बोल्ट अप्पांच्या हाताखालून गेलेला. नामदेवच्या बायकोला, सुमनला, दम्याचा त्रास होता. दवाखान्यात दाखवायला आली की रांगेतून सुटल्यावर गॅरेजमध्ये येऊन बसायची. अप्पांसाठी भाकरी आणि ठेचा आणलेला असायचा. ती त्यांना मामा म्हणायची. अप्पांच्या हातचं खाऊन तिनं एकदा तोंडावर सांगितलं होतं, "मामा, ह्याच्यापेक्षा तुमी गिरीसच खात जावा." अप्पांना असं बोललेलं दुसऱ्या कुणाचं खपलं नसतं. तिच्यापुढं ते हसले.

मार्गशीर्षातल्या एका सकाळी नामदेव टपरीपुढं गाडी उभी करून खिडकीतूनच म्हणाला, "अप्पा, सकाळी टिकटिक करायली बगा. गरम झाली की थांबती."

टपरीवर गर्दी होती. नव्या वर्कशॉपचा गणवेशातला एक मिस्त्रीही चहा पीत उभा होता. अप्पांनी बाकावर बसूनच बोट वर केलं. सगळे गप्प झाले. गाडी गावाहून धावत आलेली, चांगली तापलेली. तिच्यातून ऐकू येण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

"टॅपेट," अप्पा म्हणाले. "काई न्हाई. थंडीपुरतं हाय. टिकटिक थांबू दे, मग हलवीत जा. संक्रांत झाली की बगू."

"मुक्कामी सोडू का आज?"

"तुझी गाडी मला पाठ हाय बे. जा."

लोक हसले. नामदेवही हसला. मी माझ्या दुकानाच्या पायरीवर उभा होतो. गणवेशातल्या मिस्त्रीनं मान हलवली, कौतुकानं.

पौषात सुमन गेली. कशी गेली ते नामदेवनंच नंतर सांगितलं. तिला दवाखान्यात दाखवायचा दिवस होता. घराला लागून त्यानं गाडीसाठी पत्र्याचं शेड केलं होतं, पुढं ताडपत्री. गारठा फार होता. सुमनला थंडी बाधायची म्हणून त्यानं तिला घोंगडीत गुंडाळून मागच्या सीटवर बसवलं, काचा वर केल्या, गाडी चालू केली आणि बाकीच्या पाशिंजरांना हाका मारायला गावात गेला. एकजण अंघोळीला बसला होता, एकीचं पोर रडत होतं. तो परत आला तेव्हा टिकटिक थांबलेली होती आणि सुमनला डोळा लागला होता. गाल लाल झाले होते. त्याला बरं वाटलं, ऊब लागली म्हणून. ताडपत्री वर करून तो निघाला. तंबाखू थुंकायला त्याची स्वतःची काच नेहमी खाली असायची. अंबाजोगाईला दवाखान्याच्या दारात तिला उठवायला गेले तर ती उठली नाही.

दम्याची बाई. डॉक्टरांनी तपासलं, ती आधीच गेलेली आहे म्हणाले. कुणालाच संशय आला नाही. पण दुःखाला काहीतरी कारण लागतं. आदल्या संध्याकाळी गावातल्या खासगी डॉक्टरनं तिला इंजेक्शन दिलं होतं. त्या इंजेक्शनानंच मारलं, असं नामदेवच्या मनानं घेतलं आणि मग गावानं घेतलं. डॉक्टरच्या दवाखान्याची पाटी फोडली, खिडक्या फोडल्या. तो मध्यमवयाचा, घाबरट माणूस बायकोमुलांना घेऊन अंबाजोगाईला नातेवाइकाकडे येऊन राहिला.

दिवसकार्य झाल्यावर नामदेव गाडी घेऊन आला. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. "इकून टाका अप्पा हिला. मला बगवत न्हाई." किल्ली ठेवून तो एसटीनं परत गेला. त्या रात्री ती गाडी अंगणात गारठली.

सकाळी मी शटर उघडलं तेव्हा अप्पांनी इंजिन चालू केलेलं होतं. टिकटिक मलाही ऐकू आली. ते सळई लावून उभे होते आणि त्यांचा चेहरा मला ओळखू येईना. सळई टाकून ते माझ्या दुकानात आले. मी देवापुढं नुकतीच उदबत्ती लावली होती. त्यांनी ती उचलली आणि परत गेले. मी मागं गेलो. त्यांनी उदबत्तीचा धूर सायलेन्सरच्या नळीच्या जोडाच्या कडेनं हळूहळू फिरवला. एका ठिकाणी, प्रत्येक टिकटिकीबरोबर, तो झटका बसून बाजूला उडत होता. तिथं लोखंडावर काळी काजळी धरली होती.

मग मागचं दार उघडून त्यांनी पायाखालचं पोतं उचललं. खालचा पत्रा गंजून गेला होता. भोकातून अंगणातली माती दिसत होती.

"हिच्यातले सकाळचे पाशिंजर डोकं धरल्याचं म्हणायचे न्हाई का, दिगूशेठ? एका म्हाताऱ्याला उलटी झालती, नामदेव सांगत व्हता. आमी म्हणलं पित्त."

मला समजलं होतं. चोक ओढलेला, शेड बंद, काचा बंद, आणि विषारी धूर आत.

"टॅपेट न्हाई ते," अप्पा म्हणाले. आणि गाडीच्या दारातच खाली बसले.

त्या दिवशी गॅरेज उघडलं नाही. दुपारी मी जेवणाचा डबा घेऊन गेलो आणि मला जे वाटत होतं ते सरळ सांगितलं. गॅस्केट बदला, पत्रा जोडून घ्या, गाडी विका आणि तोंड शिवून बसा. ती दम्यानंही गेली असेल. कुणाला माहीत आहे? सांगून ती परत येणार आहे का?

"आन् त्या डॉक्टरचं?"

"डॉक्टर दुसऱ्या गावी पाटी लावील. त्याला गाव सोडून जाता येतं. नामदेवला सोतापासून कुठं जाता येणाराय? इंजिन त्यानंच चालू केलं, काचा त्यानंच वर केल्या. तुमी गेलाव आन् सांगितलं की हे सगळं त्याच्या डोक्यात बसंल."

अप्पा हाताला लागलेली काजळी बघत होते. मग म्हणाले, "डॉक्टरला तर इचारू."

आम्ही दोघं डॉक्टरकडे गेलो. तो दार अर्धं उघडून बोलला. अप्पांनी सगळं सांगितलं. गाल लाल होते, हे ऐकल्यावर त्याचा चेहरा बदलला; धुराच्या विषानं तसं होतं हे त्याला ठाऊक असावं. पण लगेच तो मागं सरकला. "मला विचारू नका. मी हो म्हटलं तर लोक म्हणतील, स्वतःला वाचवायलाय. आता तपासायला काही उरलेलं नाही." आणि त्यानं दार लावून घेतलं. एवढ्यावर कुणीही सुटला असता. अप्पांना तिथून घरी जाता आलं असतं. ते बसस्टँडकडे चालू लागले.

मी बरोबर गेलो. का गेलो हे मला सांगता येणार नाही. कदाचित वाटेत त्यांचं मन वळेल असं वाटलं असेल.

नामदेव ओट्यावर बसला होता, त्याची आई जोंधळे निवडत होती. रिकामं शेड समोरच. आईनं आमच्यासाठी पाणी आणायला हात टेकवून उठायला सुरुवात केली, तेवढ्यात अप्पा उभ्याउभ्याच बोलले.

"नामदेव, चूक माझी."

आणि त्यांनी सांगितलं. फट, धूर, गंजलेला पत्रा, पोतं. नेहमीसारखं, सोपं करून, टप्प्याटप्प्यानं. मला त्या क्षणी त्यांच्या त्या शिकवण्याचा इतका संताप आला की पुढं होऊन त्यांचं तोंड दाबावंसं वाटलं. कारण नामदेव ड्रायव्हर होता. त्याला सगळं समजत होतं. इतरांसारखं, आपल्याला न कळणारं काहीतरी म्हणून तो ते बाजूला ठेवू शकत नव्हता.

"ताडपत्री म्या सोडलती," तो हळूच म्हणाला. "वारं लागू न्हाई म्हणून."

"तुला काय ठावं व्हतं? टॅपेट म्हणून म्या सांगितलं."

"काच बी म्याच वर केली. तिच्या बाजूची घट्ट बसत न्हाई, तिला फडकं लावलं."

"नामदेव, ऐक माझं..."

"तिला म्हणलं, टिकटिक थांबली की निघू. तर हासली. म्हणली, मामाचं ऐका. घाई करू नका."

अप्पांचे हात दोन्ही बाजूंना लोंबत होते. पुढारी असो की बागायतदार, निकाल दिल्यावर ते वळून निघून जायचे. इथं त्यांना जाता येईना. नामदेवची आई सूप बाजूला ठेवून उभी राहिली.

"एक गेली," ती म्हणाली. "आता ह्येला बी न्यायला आलाव का? जावा तुमी. पाया पडते, जावा."

आम्ही परत आलो.

माझं म्हणणं खरं ठरलं, आणि ते खरं ठरल्याचं मला आजही वाईट वाटतं. नामदेवनं जाऊन डॉक्टरचे पाय धरले. डॉक्टर रडला, पण गावात परतला नाही. कुठं गेला तेही कळलं नाही. गावानं नामदेवची गोष्ट आपल्या सोयीनं फिरवली. बायकोला गाडीत कोंडून मारलं, असं लोक बोलायला लागले. सुमनचे भाऊ येऊन त्याला मारून गेले आणि त्यानं हात वर केला नाही. उन्हाळ्यात तो कामासाठी पुण्याकडे निघून गेला. म्हातारी एकटी राहिली.

मी अप्पांना सोडलं नाही. रोज टोचून बोललो. एक दिवस ते म्हणाले, "मंग काय करायला पायजे व्हतं म्या?"

"गप बसायला पायजे व्हतं."

ती अँबेसिडर त्यांनी विकली नाही. स्वतःच्या हातानं सुटी केली आणि सुटे भागही कुणाला वापरू दिले नाहीत. टपरीवर जाणं बंद झालं. गॅरेज उघडायचे, पण तेल बदलायचे, चाक काढायचे, एवढंच. कुणी आवाजाची तक्रार घेऊन आलं की म्हणायचे, "मला कळत न्हाई. रिंग रोडला जावा." माझा रेडिओ दिवसभर चालू असायचा आणि भिंतीपलीकडून कुणी ओरडायचं नाही. शेवटी मीच तो बंद करून टाकला.

थंडी पडली की मात्र ते पहाटे उठून अड्ड्यावर जायचे. चालू जीपांच्या रांगेतून एकेक काच बोटानं वाजवत फिरायचे. "खाली घे. आधी काच खाली घे." आतल्या बाया शिव्या द्यायच्या. पोरं गारठतात, म्हातारी माणसं आहेत. ड्रायव्हरांना गंमत वाटायची. एकानं तोंडावर विचारलं, "अप्पा, तुमीच सांगितलतं की, टिकटिक थांबल्याबिगर हलवू नका."

"चुकीचं सांगितलतं. चूक माझी. काच खाली घे."

अप्पा सटकलेत, असं सगळे म्हणायला लागले. ते गेले की काचा पुन्हा वर व्हायच्या. हे त्यांना दिसायचं. ते रांगेच्या टोकापर्यंत जायचे आणि पुन्हा पहिल्या गाडीपासून सुरुवात करायचे.

काही वर्षांनी, अशाच एका सकाळी, माझ्या दुकानासमोर एक नवी पांढरी गाडी येऊन थांबली. पुण्याकडचं कुटुंब, योगेश्वरीच्या दर्शनाला आलेलं. इंजिन चालू होतं. मागच्या सीटवर शाली पांघरून दोन बायका आणि एक म्हातारा, चांगलेच कुडकुडत होते. ड्रायव्हरनं मफलर कानावरून घट्ट बांधला होता. त्यानं मान वळवली तेव्हा मी ओळखलं. नामदेव होता. केस पिकले होते.

अप्पा रांगेतून येत होते. एक काच, दुसरी काच. वाकलेले, स्वेटरला भोकं पडलेली. ते त्या गाडीपाशी आले आणि काच वाजवायला त्यांनी हात उचलला. काच नव्हतीच. गाडीच्या चारही काचा तळापर्यंत खाली होत्या. वारा एका बाजूनं आत शिरून दुसऱ्या बाजूनं जात होता.

अप्पांचा हात तसाच वर राहिला. नामदेवनं त्यांच्याकडे बघितलं. मी पायरी उतरून पुढं व्हायला गेलो आणि थांबलो.

"अहो ड्रायव्हर, काचा लावा ना आता," मागची बाई वैतागून म्हणाली. "गारठून मरू आम्ही इथं."

"न्हाई मरत, ताई," नामदेव म्हणाला. "गारठ्यानं न्हाई मरत माणूस."

अप्पांनी हात खाली घेतला आणि ते पुढच्या गाडीकडे गेले.